चार्जर नाही म्हणतो तेव्हा

वॉटफर्डमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत रिमोटच्या गाड्या बऱ्याच. कुणाला नाताळात मिळालेल्या, कुणी वाढदिवसाचे पैसे साठवून घेतलेल्या, तर काही मुलाचं नाव पुढे करून बाबांनी स्वतःच्या हौसेसाठी आणलेल्या. रविवारी सकाळी कॅशिओबरी पार्कात चिखल उडवत त्या पळतात आणि पुढच्या शनिवारी रात्री मला फोन येतो, ‘‘वहिनी, चार्जर गेला वाटतं. जरा बघता का?’’

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेपर्यंत, आणि पहिली नोकरी भोसरीत पॉवर सप्लाय तपासायच्या टेबलावर. इंग्लंडला आल्यावर काम बदललं, हातातला मल्टिमीटर मात्र सुटला नाही. त्या जोरावर सांगते, की ‘गेला’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या चार्जरांपैकी खरोखर गेलेले फार थोडे असतात. बाकीचे धडधाकट असतात. त्यांना काहीतरी खटकलेलं असतं, म्हणून ते मुद्दाम थांबलेले असतात. ते काय खटकलं, हे ओळखायची माझी पद्धत पुढे क्रमाने देते आहे.

१. ‘चालत नाही’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. स्क्रीनच लागत नाही. स्क्रीन लागते, पण बीप वाजून काहीतरी संदेश येतो. चार्जिंग सुरू होऊन मध्येच थांबतं. किंवा चार्जर ‘फुल’ म्हणतो आणि गाडी पाच मिनिटांत दमते. पहिली तक्रार विजेची. दुसरी जोडणीची, सेटिंगची नाहीतर बॅटरीची. तिसऱ्या तक्रारीमागे टायमर, ‘बॅलन्सिंग’ (म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणणं) किंवा चार्जरचा चुकलेला अंदाज असतो. चौथी बहुधा म्हाताऱ्या बॅटरीची, तिथे चार्जर बिचारा निर्दोष असतो.

संदेश आला तर घाईने बटण दाबू नका, दाबलं की तो पुसला जातो. आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. मग भिंत, चार्जर, वायर, सेटिंग, बॅटरी या क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चार्जर चालू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

२. सुरुवात भिंतीपासून

स्क्रीन अंधारी असेल तर त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहा. दिवा लागला तर पुढचा संशयित प्लगमधला फ्यूज. भारतातून नव्याने आलेल्यांना हे माहीत नसतं, की ब्रिटिश प्लगच्या पोटात छोटा फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा. १९४७ मध्ये ठरलेल्या मानकापासून ही रीत चालत आली आहे. सॉकेटांचं सर्किट सहसा ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर असतं, त्यामुळे चार्जरच्या बारीक वायरीत दोष निघाला तरी ब्रेकर वेळेवर पडेलच असं नाही. त्या वायरीची राखण प्लगमधला फ्यूज करतो. ८० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपासच घेतो, म्हणजे ३ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. तो बदलल्यावर पुन्हा उडाला तर मोठा घालू नका. चार्जरमध्ये किंवा वायरीत शॉर्ट आहे, असा त्याचा अर्थ.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला चार्जरही इथे चालतो, कारण व्होल्टेज दोन्हीकडे २३०च. अडचण प्लगची. गोल पिनांचा प्लग ट्रॅव्हल अडॅप्टरमध्ये सैल बसतो, ठिणगी पडते, चार्जर चालू-बंद होत राहतो. मागची वायर सुटी निघत असेल तर तशीच इथली वायर घ्या आणि अडॅप्टर बॅगेत ठेवून द्या.

३. चार्जरपर्यंत किती व्होल्ट पोचतात?

बरेच हॉबी चार्जर थेट भिंतीला लागत नाहीत. त्यांना वेगळा पॉवर सप्लाय लागतो आणि मागच्या बाजूला ‘११ ते १८ व्होल्ट’ असं काहीतरी छापलेलं असतं. ‘इनपुट व्होल एरर’ आला, की गडबड या मर्यादेत आहे.

घरात पडून असलेला लॅपटॉपचा अडॅप्टर जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो बहुधा १९ व्होल्टचा निघतो, म्हणजे वरची मर्यादा ओलांडली. खालची मर्यादा मोडते ती पार्किंगमध्ये, खऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चार्ज करताना. चिमटे गंजलेले किंवा वायर बारीक असली, की रिकामा असताना १२ व्होल्ट दाखवणारा पुरवठा भार आल्यावर ११च्या खाली घसरतो. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते चार्जिंग चालू असताना. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे ६० वॉट. त्यावर ८० वॉटचा चार्जर पूर्ण जोराने चालवला तरी असंच होतं. करंट कमी करा, काम होतं.

४. प्लग हलवून पाहा

‘कनेक्शन ब्रेक’ हा मला सगळ्यात जास्त भेटणारा संदेश. गणपतीत आरतीला आलेल्या एका मुलाने पिशवीतून चार्जर काढला. ‘‘मावशी, दोन मिनिटं चालतो आणि बंद पडतो.’’ बॅटरीला जुन्या पद्धतीचा पांढरा टामिया प्लग होता. मी चार्जिंग लावलं आणि प्लग बोटांत धरून हळूच डावीकडे वाकवला. बीप. उजवीकडे वाकवला, काही नाही. प्लग सोडवून तोंडाकडून पाहिलं तर दोन पितळी पिनांपैकी एक आत सरकलेली. तिचा कान वाकला होता, त्यामुळे जोडताना समोरची पिन तिला मागे ढकलत होती. बारीक स्क्रूड्रायव्हरने कान उचलला, पिन पुढे सरकवली, ‘टक’ असा आवाज आला. प्रसाद संपेपर्यंत चार्जर चालूच होता.

प्लग काढताना वायर ओढली, की हे हमखास होतं. काढायचा तो प्लग धरूनच. मोठा करंट घेणाऱ्या गाड्यांना आता एक्सटी-६० किंवा तसे मजबूत प्लग येतात, त्यांत हा त्रास कमी. पण तिथे सोल्डर केलेला सांधा सुटतो. चार्जिंगच्या वेळी प्लग हाताला गरम लागला, तर सांधा कच्चा आहे समजा. ‘रिव्हर्स पोलॅरिटी’ आला तर बदललेल्या प्लगला लाल-काळी वायर उलट लागली आहे. अशा वेळी चार्जरने तुम्हाला वाचवलेलं असतं.

५. एकेक सेल मोजा

रिमोटच्या गाडीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी म्हणजे दोन किंवा तीन सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२०. म्हणजे दोन सेलांची बॅटरी ७.४ म्हणवते आणि ८.४ ला भरते. जाड वायरींशिवाय तिला एक छोटा पांढरा प्लग असतो. दोन सेलांना तीन वायरी, तीन सेलांना चार. त्या वायरींमधून चार्जर प्रत्येक सेल वेगळा पाहतो. ‘सेल कनेक्ट’ किंवा ‘सेल लो व्होल’ असा संदेश आला, की मी चार्जर बाजूला सारते आणि या पांढऱ्या प्लगवर मीटर लावते.

काळी टोचणी काळ्या वायरीच्या पिनवर ठेवायची आणि लाल टोचणी शेजारच्या पिनवर. हा पहिला सेल. मग लाल टोचणी त्याच्या पुढच्या पिनवर. ही दोन सेलांची बेरीज. दोन टोचण्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, एवढं मात्र सांभाळायचं. एका घरी जेवणाच्या टेबलावर असंच मोजलं, तेव्हा आधी ३.९२ आले आणि मग ६.६१. वजाबाकी करा. दुसरा सेल २.६९ वर होता. जाड वायरींवर मोजणाऱ्या वडिलांना ६.६१ दिसत होते. त्याचे दोन भाग केले, की सेलमागे ३.३ येतात, म्हणून बॅटरी त्यांना जेमतेम का होईना, पण ठीक वाटत होती. चार्जर मात्र सेल वेगवेगळे पाहत होता आणि त्याचंच खरं होतं. बेरीज चांगली दिसते म्हणून सेल चांगले आहेत, असं कधीच धरू नये.

६. बॅटरीची जात आणि चार्जरचा मोड

वरच्या सगळ्या चुका चार्जर पकडतो. ही चूक मात्र तो दर वेळी पकडेलच असं नाही. निकेल मेटल हायड्राइडच्या सहा सेलांच्या बॅटरीवर ७.२ लिहिलेलं असतं आणि दोन सेलांच्या लायपोवर ७.४. आकार जवळपास सारखा, प्लगही सारखा असू शकतो. पण भरायची रीत अगदी वेगळी.

निकेल बॅटरी भरली, की तिचं व्होल्टेज किंचित घसरतं, सेलमागे काही मिलिव्होल्टच. निकेलचा चार्जर ती घसरण येईपर्यंत करंट ढकलत राहतो. लायपोमध्ये अशी घसरण येतच नाही. मग निकेलच्या मोडवर लावलेली लायपो ४.२ ओलांडून वर जात राहते, फुगते आणि पेट घेऊ शकते. बाजारातल्या स्वस्त गाडीबरोबर आलेला निकेलचा साधा चार्जर पुढे घेतलेल्या लायपोला जोडणं, हा या छंदातला सगळ्यात मोठा धोका आहे.

४.२ या आकड्यामागे रसायनशास्त्र आहे आणि त्याचा एक धागा इथून जवळच्या ऑक्सफर्डला जातो. १९८० मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन अग्र दाखवून दिला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पदार्थातून चार्जिंगच्या वेळी निम्म्याच्या आसपास लिथियम बाहेर काढलं, तोवर त्याची रचना टिकते. त्याहून जास्त ओढलं तर ती डळमळू लागते. ४.२ व्होल्टला चार्जर थांबतो तो यासाठी. लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.६ वर थांबवायचा, आणि ‘हाय व्होल्टेज’ असं स्पष्ट छापलेली लायपो ४.३५ पर्यंत जाते. म्हणून स्टार्टचं बटण दाबण्याआधी बॅटरीवरचं लेबल मोठ्याने वाचा, मग स्क्रीन वाचा. दोन्ही जुळली तरच पुढे.

७. मंद आहे, बिघडलेला नाही

‘‘मी ५ अँपिअर लावले, हा चारच देतो.’’ ही तक्रार घेऊन येणारे स्वतः इंजिनिअर असतात, हे विशेष. चार्जरला अँपिअरची मर्यादा असते तशी वॉटचीही असते. ५० वॉटचा चार्जर तीन सेलांची बॅटरी १२.६ व्होल्टपर्यंत नेत असेल, तर शेवटी ५० भागिले १२.६ म्हणजे चारच अँपिअर देऊ शकतो. त्यात बिघाड कसला?

शेवटचा टप्पा तर नेहमीच रेंगाळतो. काठोकाठ भरत आलेल्या हंड्यावरचा नळ आपण बारीक करतो, तसा ४.२ गाठल्यावर चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट कमी कमी करत नेतो. त्यात दोन सेल वरखाली असतील तर आणखी वेळ जातो. छोट्या चार्जरचा बॅलन्सिंगचा करंट साधारण दोनशे-तीनशे मिलिअँपिअर एवढाच असतो. एक सेल दुसऱ्यापेक्षा ३०० मिलिअँपिअर-तास पुढे असेल आणि करंट २०० असेल, तर तेवढ्यालाच दीड तास. एरवी बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास लिहिलं असेल तर ५ अँपिअर लावायचे, २२०० असेल तर २.२. बॅटरी बनवणारा जास्त झेपेल म्हणत असला तरी घाई नसेल तेव्हा हेच प्रमाण ठेवावं.

८. टायमरकडे लक्ष

बऱ्याच चार्जरांत सुरक्षेसाठी वेळेची मर्यादा आधीच घातलेली असते, अनेकदा १२० मिनिटांची. ५००० ची बॅटरी कुणी काळजीपोटी २ अँपिअरवर लावली तर अडीच तासांहून जास्त वेळ लागणार. दोन तास झाले की चार्जर थांबतो आणि बॅटरी अर्धवट भरलेली राहते. करंट योग्य ठेवा किंवा मर्यादा थोडी वाढवा. ती बंद मात्र करू नका. चार्जरचा अंदाज चुकलाच, तर टायमर हाच शेवटचा अडसर असतो.

९. निकेलचा खोटा ‘फुल’

माळ्यावर वर्षभर पडलेली निकेलची बॅटरी चार्जिंगला लावली, की पाच मिनिटांत ‘फुल’ होते. अशा बॅटरीचं व्होल्टेज सुरुवातीला हेलकावे खातं आणि चार्जरला ते भरल्याची खूण वाटतं. पुन्हा लावा. एक-दोनदा डिस्चार्ज आणि चार्ज केल्यावर ती बहुधा वळणावर येते. नाही आली, तर तिचं आयुष्य संपलं.

याच्या उलटही होतं. करंट फार कमी ठेवला तर शेवटची घसरण इतकी पुसट येते की चार्जरला ती कळतच नाही, आणि बॅटरी भरूनही तापत राहते. ३००० च्या निकेल बॅटरीला दीड ते तीन अँपिअरच्या दरम्यान ठेवावं. चार्जिंगच्या शेवटी ती कोमट होणं साहजिक आहे. हात ठेवता येत नाही इतकी तापली तर मात्र लगेच प्लग काढा.

१०. गॅरेजची थंडी

भारतात आपल्याला बॅटरीच्या उष्णतेची काळजी. वॉटफर्डला जानेवारीत शेडमधलं तापमान शून्याच्या आसपास जातं आणि काळजी उलटी होते. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर लिथियम आत मुरण्याऐवजी ऋण अग्रावर धातूच्या थरासारखं साचतं. तो थर पूर्ण परत जात नाही. बॅटरीची ताकद कायमची घटते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. साधा चार्जर थंडीची तक्रार करत नाही, कारण बॅटरीचं तापमान मोजणारी वायर बहुतेकांनी जोडलेलीच नसते. ही गोष्ट आपणच सांभाळायची. बाहेरून आणलेली बॅटरी घरात ठेवा, ती खोलीइतकी उबदार होऊ द्या, मग लावा. थंडीत बागेत गाडी लवकर दमली म्हणूनही चार्जरला बोल लावू नका. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, ती नेहमीइतकी जोर लावू शकत नाही.

११. ‘सेल लो’ला फसवू नका

सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला, की चांगला चार्जर लायपोच्या मोडवर चार्ज करायला नकार देतो. मग कुणीतरी युक्ती सांगतं, ‘निकेलच्या मोडवर पाच मिनिटं लाव, व्होल्टेज वर आलं की लायपोवर घे.’ व्होल्टेज वर येतं, हे खरं. पण सेल फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातून तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला नको तिथे जमा होतं. बाहेरून ठीक दिसणारी बॅटरी आतून शॉर्टच्या वाटेवर असते. पाचव्या मुद्द्यातली २.६९ची बॅटरी त्या घरच्या मुलाने डोळ्यांत पाणी आणून परत मागितली. मी दिली नाही. नवी बॅटरी वीस-तीस पौंडांना मिळते.

सेल इतका खाली जातो कशाने, ते पाहणं जास्त उपयोगाचं. दोन कारणं नेहमीची. गाडीतलं कमी व्होल्टेजला थांबवणारं सेटिंग लायपोऐवजी निकेलवर राहिलेलं असतं. किंवा गाडी बंद केली तरी बॅटरी आत जोडलेलीच राहते आणि स्पीड कंट्रोलर थेंब-थेंब पीत राहतो. खेळून आल्यावर बूट काढण्याआधी बॅटरी काढायची, हा नियम घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना.

१२. आता चार्जरवर संशय घ्या

इथवर सगळं ठीक निघालं, तरच. शेजारच्या मित्राची चांगली, तशीच बॅटरी लावून पाहा. ती चालली तर दोष तुमच्या बॅटरीचा. तीही चालली नाही, तर चार्जरचा. चार्जर दाखवतो ते व्होल्टेज आणि पांढऱ्या प्लगवर मीटरने मोजलेलं व्होल्टेज ताडून पाहा. शतांशातला एखाद-दुसरा फरक दोन्हीकडच्या मोजमापात असायचाच. पण चार्जर ४.२० म्हणत असताना मीटरवर ४.२५ किंवा जास्त येत असेल, तर तो चार्जर वापरातून काढा. गाजलेल्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात, त्यांच्याबाबत ही ताडणी पहिल्याच दिवशी करावी. पंख्याच्या जाळीत केस आणि धूळ अडकली, की चार्जर तापून ‘टेंपरेचर’चा संदेश देतो. तेवढं मऊ ब्रशने साफ करता येतं.

थेट भिंतीला लागणारा चार्जर उघडण्याचा उद्योग मात्र घरी नको. २३० व्होल्टचा पुरवठा आत डीसी होतो तेव्हा कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. त्या टेबलावर मी नोकरी केलेली आहे. तरीही स्वयंपाकघरात मी तो उघडत नाही.

१३. जागा, पहारा आणि निरोप

गार्स्टनला, आपल्या वॉटफर्डच्या हद्दीवर, इमारतींच्या आगीचा अभ्यास करणारी जुनी संशोधन संस्था आहे. ‘बीआरई’ नावाने सगळे ओळखतात. १९२५ पासून ती तिथे आहे आणि २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर इमारतींच्या आवरणाच्या चाचण्या तिथेच झाल्या. एवढी संस्था शेजारी असताना आपण जिन्याखाली, कोटांच्या खुंटीखाली चार्जर लावावा, हे शोभत नाही. फरशीवर किंवा टाइलवर लावा, पडद्यांपासून दूर, आणि घराबाहेर पडायच्या वाटेवर तर नकोच. लायपो आगरोधक पिशवीत ठेवा. ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनच्या स्पर्धांतसुद्धा लायपो अशा पिशवीत ठेवूनच चार्ज करावी लागते. रात्री लावून झोपू नका.

उन्हाळ्याच्या सुटीत महिना-दीड महिना भारतात जाताना बॅटऱ्या भरून ठेवू नका, रिकाम्याही ठेवू नका. चार्जरच्या ‘स्टोरेज’ मोडने सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. बरोबर न्यायच्या असतील तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना टेप लावून. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. ७.४ गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ३७, तेव्हा गाडीची बॅटरी त्यात आरामात बसते. तरी आपल्या विमान कंपनीचा नियम आधी पाहून ठेवावा.

फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. वर्षाला ३२ किलोपेक्षा जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना २०१० पासून जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्या लागतात. पण सुपरमार्केटच्या दारातला तो डबा रिमोट-घड्याळाच्या सेलांसाठी ठीक आहे, फुगलेल्या लायपोसाठी नाही. ती सेंट अल्बन्स रोडवरच्या वॉटरडेल रीसायकलिंग सेंटरला न्या आणि डब्यात टाकण्याआधी तिथल्या माणसाला दाखवा.

तेव्हा मंडळी, चार्जरने नकार दिला की त्याचा राग मानू नका आणि त्याला फसवून कामालाही लावू नका. त्याला दिसलेली गोष्ट आपल्याला अजून दिसलेली नसते, एवढंच. साधा मल्टिमीटर दहा-पंधरा पौंडांत मिळतो. गाडी घेणाऱ्या प्रत्येक घरात तो असायला हवा, आणि सेल कसे मोजायचे ते मुलांनाही शिकवायला हवं. फोन जरूर करा. फक्त करण्याआधी संदेशाचा फोटो आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहून ठेवा. पुष्कळांना मग फोन करायची गरजच पडत नाही.